दुरुस्तीला दिलेली सायकल

४ नोव्हेंबर, मंगळवार

भिंगरी आज भरलेली पिशवी घेऊन परत आली!

सकाळी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मंगळवारची मासिकं लावली, खाकी कव्हरं फडक्यानं पुसली, पिशवी कॅरियरला बांधली आणि बाईसाहेब घंटी वाजवत गेल्या. दुपारी आल्या, तर पिशवी जशीच्या तशी. एक मासिक हललेलं नाही. विचारलं, कुणी घरी नव्हतं का? तर म्हणे, "सगळे होते की. वकीलबाईंनी चहा दिला. कंपाउंडरनी गुडघा दाखवला." मग मासिकं का नाही दिलीस? पिशवीकडे पाहिलं आणि हसली. "अगं बाई! तेवढंच राहिलं."

तेवढंच! लायब्ररीवाली घरोघर हिंडते, चहा पिते, लोकांचे गुडघे बघते, आणि मासिकं द्यायची तेवढी राहतात. मला हसू आलं नाही. माझ्याहून धाकटी, तरी साठीची होईल आता. तोंडावरचं ते हसू मात्र शाळेतलंच. बाबांनी भिंगरी नाव ठेवलं ते उगाच नव्हे.

८ नोव्हेंबर, शनिवार

वकीलबाईंकडे जाऊन आले. न सांगता गेले. परीक्षा विभागात इतकी वर्षं काढली, आगाऊ कळवून तपासणी होत नसते हे मला चांगलं ठाऊक आहे.

बाई आधी "छे हो, काही नाही" म्हणाल्या. मग बोलत्या झाल्या. गेले कित्येक महिने भिंगरी त्यांना तोच तो अंक देते आहे. कंपाउंडरना तर सलग तीनदा विणकामाचा. त्या दोघांनी आणि बेकरीच्या माडीवरच्या म्हाताऱ्यांनी आपसात ठरवून टाकलंय — ती गेली की हे एकमेकांकडे जाऊन अंक बदलून घेतात! तिला पत्ता नाही.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत? "तुम्ही बंद करून टाकाल म्हणून," म्हणाल्या. तोंडावर! आणि वर, "घंटी वाजली की बरं वाटतं हो. विणकाम तर विणकाम."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक, आणि एका छपराखाली राहून मलाच नाही. रस्ताभर तळपायाची आग मस्तकात जात होती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तारीख विचारली. "तारीख तुमच्यासारखे लोक बघतात. माझा आज पाण्याच्या टाकीकडच्या घरांचा वार." तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं परत विचारले. ही म्हणते, "तुमच्या लक्षात आहेत ना? मग झालं तर." डॉक्टर हसले. नर्सही हसली. भिंगरीला सगळीकडे माणसं मिळतात.

तिला बाहेर बसवून मला सांगितलं — सुरुवात आहे. वाढत जाणार. किती भरभर, ते सांगता येत नाही. मी विचारलं, सायकलचं काय? त्यांनी चष्मा काढून ठेवला. "तोल अजून उत्तम आहे. रस्ते सवयीचे. चालवू द्यायची की नाही… घरचे तुम्ही. तुम्ही ठरवा."

मी तिथेच, खुर्चीतून उठायच्या आत ठरवलं. ठरवायला मला कधी वेळ लागत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

लायब्ररी बंद, सायकल बंद. दोन वाक्यांत सांगितलं. मला वाटलं लायब्ररीसाठी रडेल. पुढच्या खोलीतली ती मांडणी, ती कव्हरं घालणं — सगळा जन्म त्यात गेला तिचा. लग्न केलं नाही. आई म्हणायची, हिचं सायकलशी लागलंय.

ती म्हणाली, "मासिकं घेऊन जा. सायकल राहू दे."

मासिकं नाहीत तर सायकलवरून जाणार कुठे?

"जाणार कुठे म्हणजे काय? सायकलवर जाणार."

मला स्वतःला सायकल येत नाही. कधी अडलं नाही. बस आहे, पाय आहेत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

साखळी घालून कुलूप लावलं होतं. किल्ली माझ्या कपाटात. मी अंघोळीला गेले तेवढ्यात भिंगरीनं मागचं चाक उचलून धरून सायकल कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली आणि "किल्ली हरवली" म्हणून कुलूप कापून घेतलं! मी तिथे पोचले तर तो वर हवाही भरून देत होता.

"मावशींची सायकल आहे मॅडम. मला काय माहीत, तुरुंगात टाकली होती ते?"

त्याला चार शब्द सुनावले. भिंगरी शेजारच्या स्टुलावर बसून ऐकत होती. म्हणाली, "ताई, त्याला नको बोलूस. हवा फुकट भरली त्यानं."

आता कुलपाचा उपयोग नाही. सायकल घरातून गेलीच पाहिजे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गेली. समोरच्या शिंपीणबाईंच्या भाचीला दिली. मुलगी कालव्यापलीकडच्या पॅकिंगच्या कारखान्यात कामाला जाते, उजाडायच्या आत पायी निघते. संध्याकाळी येईस्तोवर अंधार. भावाला न्यायला पाठवावं लागतं, आणि भाऊ रोज तोंड वाजवतो. मी म्हटलं, ही घे. कायमची घे. पोरीनं आधी हात पुसले आणि मग हँडल धरलं! शिंपीणबाईंच्या डोळ्यांत पाणी. "मॅडम, आता हिला कुणाची वाट बघायला नको."

चांगलं झालं. वस्तू धूळ खात पडण्यापेक्षा कामी आली. भिंगरी झोपली होती.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी उठल्या उठल्या — "ताई, सायकल कुठाय?"

तोंडात खरं उत्तर तयार होतं. तिचा चेहरा बघितला आणि भलतंच बोलून बसले. "दुरुस्तीला दिली आहे."

इतकी वर्षं कॉप्या पकडल्या. पोरांच्या बाह्यांतून, बुटांतून चिठ्ठ्या काढल्या. आणि स्वतः कसं सरळ चेहऱ्यानं सांगितलं! असो. दोन दिवसांत विसरेल.

२६ नोव्हेंबर, बुधवार

विसरली नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळचा चहा झाला की चपला घालते आणि पंक्चरवाल्याकडे जाते. "झाली का सायकल?" सकाळी काय खाल्लं ते तिला आठवत नाही. काल बहिणीच्या — म्हणजे माझ्या! — मुलाचं नाव आठवेना. सायकल दुरुस्तीला दिली आहे, हे मात्र दगडावर कोरल्यासारखं लक्षात.

मी आधीच त्याला जाऊन बजावलं होतं, "उद्या मिळेल" म्हणायचं. आज तो कुरकुरला. "मॅडम, मी दुकानदार माणूस. गिऱ्हाइकाला एक-दोनदा उद्या म्हणतो. रोज कसं म्हणू? मावशी स्टुलावर बसून माझ्याकडे बघत राहतात."

मी सांगेपर्यंत म्हणायचं, म्हटलं.

तेवढेच तिचे पाय मोकळे होतात. कोपऱ्यापर्यंत जाऊन येते. पायी जाणारं माणूस जाऊन जाऊन किती लांब जाईल?

१९ डिसेंबर, शुक्रवार

भिंगरी हरवली.

सकाळी गेली ती जेवायच्या वेळेपर्यंत आली नाही. पंक्चरवाला म्हणाला, आज इकडे आल्याच नाहीत. बेकरीचा उतार, वकीलबाई, टाकी — सगळीकडे जाऊन आले. कुठेच नाही. शिंपीणबाई एका बाजूला, मी एका बाजूला. शेवटी उन्हं उतरताना स्टँडपलीकडे, लोखंडी सामानाच्या दुकानांपाशी सापडली. फुटपाथच्या कडेला उभी. एक पाऊल रस्त्यावर, एक वर. किती वेळ तशी उभी होती, कोण जाणे. दुकानातल्या माणसानं पाणी दिलं होतं, ग्लास हातातच.

मला बघून तो माझ्या हातात दिला. घरी आल्यावर पाय धुतले तेव्हा म्हणाली, "पायी रस्ता येतच नाही गं."

म्हणजे काय?

"सायकलवर तो आपणहून येतो. वळण येतं, आपण वळतो. चालायला लागलं की सगळं थांबून राहतं. मग प्रत्येक ठिकाणी विचार करावा लागतो."

वेड्यासारखं बोलू नकोस, म्हटलं. जन्मल्यापासून याच गावात आहेस.

२१ डिसेंबर, रविवार

मुलाचा फोन. त्याला शिंपीणबाईंकडून कळलं असणार. "आई, मावशीची सायकल कशाला दिलीस? सगळे ओळखतात तिला तिथे." मी म्हटलं, तू येऊन चार दिवस राहा, मग शहाणपण शिकव. तर म्हणाला, "मला सायकल तिनंच शिकवली होती. तू म्हणायचीस पडशील. ती म्हणायची, पड." फोन ठेवून दिला. त्यानं की मी, आठवत नाही.

६ जानेवारी, मंगळवार

पुन्हा. या वेळी पोलिसानं आणून सोडलं. गुडघा फुटलेला. पोलीस अगदी पोरगेला, मला म्हणाला, "आजींना एकटं सोडू नका." तिला आजी म्हणाला! भिंगरीनं त्याच्या मोटरसायकलच्या टायरकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हवा कमी आहे." होतीच कमी.

दाराला वरच्या बाजूला कडी बसवून घेतली.

१० जानेवारी, शनिवार

घर शांत. नको इतकं शांत. लायब्ररीची मासिकं मी वाचनालयाला देऊन टाकली, त्या रिकाम्या मांडणीसमोर ती बसून राहते. दुपारी झोपते. ही दुपारी कधी झोपत नसे! दोन घास खाते आणि ताट सारते. मी रागावले तर खाते. रागावल्याशिवाय खात नाही.

कडी बरोबर आहे. मला दुसरा मार्ग दिसत नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

कंपाउंडर काठी टेकत आले. भिंगरीला बघायला. बसले, उठले, पुन्हा बसले. जाताना दारात मला म्हणाले, "मला बायकोही नाही, पोरंही नाहीत. ठरल्या वारी माझ्या दारात येणारं एवढंच माणूस होतं. वाचायचं काय हो, डोळे कुठे चालतात आता!"

म्हणजे ते वाचतसुद्धा नव्हते.

वरण करपलं आज. माझ्या हातून कधी करपत नाही.

२० जानेवारी, मंगळवार

आज मुद्दाम कडी काढली आणि तिला जाऊ दिलं. मी दहा पावलं मागे. तिला कळू दिलं नाही. काय होतं ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

फाटकाबाहेर ठीक निघाली. पहिल्या कोपऱ्यावर थांबली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. हातातली गोष्ट हरवावी तसं स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग दोन्ही हात किंचित पुढे आले, मुठी वळल्या. उजवा अंगठा दोनदा दाबला. घंटी! आणि ती बरोबर डावीकडे वळली. पण चालण्याचा वेग तो नव्हता. चार पावलांत हात खाली आले, आणि पुन्हा थांबली.

बेकरीच्या उतारावर तर अंग मागे टाकून उभी राहिली, ब्रेक लावल्यासारखी. शाळकरी पोरं हसली. मी त्यांच्यावर डोळे वटारले.

रस्ते तिच्या डोक्यात कधी नव्हतेच. हातापायांत होते. ते सगळं त्या सायकलसकट मी समोरच्या घरात देऊन टाकलं. ती सांगत होती मला. पाय धुता धुता सांगितलं होतं. मी म्हटलं, वेड्यासारखं बोलू नकोस.

२१ जानेवारी, बुधवार

सायकल परत कशी मागायची? ती पोरगी आता अंधार पडायच्या आत घरी येते. काल तिला फाटकाशी पाहिलं. एक पाय जमिनीवर टेकवून मैत्रिणीशी हसत बोलत होती. भाऊ दारात बिडी ओढत होता, तिच्याकडे बघतही नव्हता. पूर्वी ती मान खाली घालून त्याच्या मागून यायची.

नाही मागता येणार.

८ फेब्रुवारी, रविवार

मागावं लागलं नाही. भाचीच आली. "मॅडम, रविवारी मला सुट्टी असते. मावशींना सायकल देऊ का फिरायला? मी मागून भावाच्या सायकलवर येईन. त्या खिडकीतून रोज माझ्याकडे बघतात. मला घास उतरत नाही हो."

मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार करून! ठरवायला जिला वेळ लागत नाही, ती मी.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज भिंगरी सायकलवर बसली.

आधी तेच लिहून टाकलं, बाकीचं मागून.

भाचीनं सायकल फाटकाशी आणली तेव्हा मी डोळे झाकणार होते. भिंगरी ओसरीतून उठली, पायऱ्या उतरली. "झाली दुरुस्ती?" एवढंच. साडीचा घोळ कमरेला खोचला, सीटवर चापट मारली, एक पाय पायडलवर, दोन ढकलण्या — आणि गेली! जशी काही काल संध्याकाळीच उतरली होती. भाची मागून धावतपळत भावाच्या सायकलवर. मी रिक्षा सांगून ठेवली होती. रिक्षावाला म्हणतो, "पाठलाग करायचाय का मॅडम?" म्हटलं, हो. पण दिसू नकोस.

बेकरीच्या उतारावर तिनं पायडल थांबवून सायकल सोडून दिली. पदर मागे उडत होता. तळाशी ब्रेक, डावीकडे वळण, समोरून टेम्पो — अंग चोरून कडेला घेतली, पुन्हा रस्त्यावर. एकदाही थबकली नाही. मांजर आडवं गेलं तेव्हा रिक्षावाला दचकला, ती नाही. वकीलबाईंच्या दारात घंटी. बाई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर! टाकीच्या चढाला सीटवरून उठून उभ्यानं मारली. चढ संपल्यावर गाणं म्हणत असावी, मान हलत होती. कंपाउंडरच्या दारात घंटी. ते काठी विसरून आले, भिंतीला धरून. हिनं विचारलं, "गुडघा?" त्यांनी गुडघ्यावर थाप मारून दाखवली. बेकरीवरच्या म्हाताऱ्यांनी वरूनच हात हलवला.

सगळी फेरी. एक घर चुकलं नाही. मासिक एकही नव्हतं, कुणी मागितलंही नाही.

परत आली तेव्हा कपाळावर घाम, गाल लाल. मला म्हणाली, "तू रिक्षात का बसली होतीस? तब्येत बरी नाही का?"

दोनदा मागून वाढून घेऊन जेवली.

२३ फेब्रुवारी, सोमवार

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, तोल उत्तम आहे, रस्ते सवयीचे. तुम्ही ठरवा. मी तिच्याकडे बघून ठरवलं नाही. अंक चुकतात म्हणजे पायही चुकणार, असा सरळ हिशेब मांडला. कुणी विचारलं असतं तर पाटीवर मांडून दाखवला असता.

आता मात्र पक्कं करायचं. नुसतं रविवारपुरतं नाही. तिची सायकल तिला कायमची परत, भाचीला दुसरी. आणि नीट, सगळी काळजी घेऊन. पुन्हा धरसोड नको.

१ मार्च, रविवार

आज पाठवली नाही. काल पंक्चरवाल्याला दाखवली तर मागचा ब्रेक ढिला निघाला. असल्या ब्रेकवर गेल्या रविवारी ती उतार उतरली! तो म्हणाला, "चालण्यासारखी आहे मॅडम, मावशींना त्या ब्रेकची सवय आहे." नवीन बसव, म्हटलं. सामान यायला वेळ लागणार.

भिंगरी फाटकाशी उभी होती. पुढच्या रविवारी, म्हटलं तिला.

८ मार्च, रविवार

ब्रेक झाला. आरसा बसवला. हँडलला लहान पाटी — माझा फोन नंबर. हेल्मेट आणलं, ते ती घालत नाही. "हे काय, भांडं?" घातल्याशिवाय सोडणार नाही म्हटलं. तिनं काढून मांडणीवर ठेवलं. आजचा रविवार त्यातच गेला.

१५ मार्च, रविवार

टाकीच्या रस्त्याला खोदकाम. कसं पाठवणार? त्या वेळात मी फेरीवरच्या प्रत्येक दुकानात जाऊन सांगून आले — ही माझी बहीण, थांबलेली दिसली तर या नंबरवर फोन करा. बेकरीवाला म्हणाला, "मॅडम, भिंगरी मावशींना आम्ही ओळखतो. तुम्हालाच आज पहिल्यांदा बघतोय."

२२ मार्च, रविवार

भाचीला कारखान्यात जादा पाळी. तिच्यासाठी जुनी सायकल बघायला सांगितली आहे. एक आली होती, सांगाडा वाकडा. परत पाठवली. पोरीला वाकडी सायकल देणार नाही मी.

२९ मार्च, रविवार

भिंगरीला सर्दी. वाऱ्यात नको. भाची सायकल घेऊन आली होती, तिला परत पाठवलं. "थोडं तरी जाऊ दे ना मॅडम, फाटकापासून फाटकापर्यंत." नाही म्हटलं. आजारी माणूस.

३ एप्रिल, शुक्रवार

आज भिंगरीनं "सायकल कुठाय" असं विचारलं नाही. कालही नाही. जरा उसंत मिळाली, बाकीची कामं उरकली.

११ एप्रिल, शनिवार

भाचीला सायकल मिळाली. चांगली, सरळ, निळी. पोरीनं मैदानाला तीन चकरा मारल्या आणि शिंपीणबाई माझ्या हाताला धरून उभ्या राहिल्या. जुनी आमच्या ओसरीत आली. आपल्या जागेवर! पुसली, साखळीला तेल दिलं. हात काळे झाले, निघत नाहीत.

वाचनालयात जाऊन थोडे जुने अंक परत मागून आणले. त्यांनाही अडचणच होत होती. कव्हरं मी घातली. तिच्यासारखी नाही जमली, कोपरे फुगले. भिंगरी शेजारी बसून बघत होती. "छान घालतेस," म्हणाली. "कुणाची आहेत?"

उद्या रस्ता तपासते. खोदकाम बुजवलं आहे असं बेकरीवाला म्हणाला, पण स्वतः बघितल्याशिवाय नको.

१२ एप्रिल, रविवार

चढावर खडी पसरलेली. एक आठवडा थांबावं हे बरं. वकीलबाईंना, कंपाउंडरना सांगून आले — पुढच्या रविवारी घंटी वाजेल. कंपाउंडरनी दाढी करून ठेवतो म्हटलं!

१८ एप्रिल, शनिवार

सगळं तयार. खडी झाडून घेतली — दोन माणसं लावून. पिशवी बांधली. ब्रेक मी स्वतः ओढून पाहिला. हेल्मेट राहू दे. नाही घातलं तर नाही घातलं.

१९ एप्रिल, रविवार

भिंगरीनं दोन्ही हातांनी हँडल धरलं. भाची निळ्या सायकलवर तयार, रिक्षा कोपऱ्यावर. मी फाटक उघडून धरलं. एकदा पायडलकडे बघितलं, एकदा सीटकडे. मग माझ्याकडे वळली आणि अगदी सहज म्हणाली, "ताई, यावर बसतात कसं?"